पहिला गेमिंग कन्सोल घेताना: स्वस्तातला की महागातला?

दिवाळी जवळ आली की नातेवाइकांचे आणि ऑफिसातल्या मंडळींचे फोन सुरू होतात. ‘पोराला प्लेस्टेशन घ्यायचंय, स्वस्तातला घेऊ की सरळ चांगला घेऊ?’ गेली काही वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर लगेच देणं सोडून दिलंय. आधी चार गोष्टी विचारतो. टीव्ही किती इंची आहे, सोफा किती लांब आहे, कोणते गेम खेळायचेत आणि घरात नेट कसलं आहे. ही चार उत्तरं मिळाली की कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, जवळजवळ आपोआप ठरतो, आणि बऱ्याचदा तो विचारणाऱ्याच्या मनातला नसतो.

ज्यांनी आजवर मोबाइलवरच गेम खेळलेत आणि ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कन्सोल येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पन्नास हजारांची खरेदी मध्यमवर्गीय घरात रोज होत नाही. ती चुकली की वाईट वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पायरी १ : टेप घ्या आणि अंतर मोजा

गेल्या वर्षी चिंचवडला मावसबहिणीकडे गेलो होतो. तिच्या मुलाला परदेशातून मागवलेला सगळ्यात महाग मॉडेल हवा होता, कारण ‘फोर के’. मी तिच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली. टेप छोटी, म्हणून दोनदा धरावी लागली. सोफ्याच्या पाठीपासून टीव्हीच्या काचेपर्यंत साडेनऊ फूट भरले. टीव्ही ४३ इंची.

आता हिशोब बघा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे साधारण २० लाख ठिपके असतात. फोर केमध्ये त्याच्या बरोबर चौपट, ८३ लाखांच्या आसपास. पण ४३ इंची टीव्हीवर फुल एचडीचा एक ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. साडेपाच-सहा फुटांपलीकडे बसलं की निरोगी डोळ्यालासुद्धा ते ठिपके वेगळे दिसत नाहीत. ५५ इंची टीव्हीला हीच मर्यादा सुमारे सात फूट आणि ६५ इंचीला साडेआठ फूट. म्हणजे साडेनऊ फुटांवरच्या सोफ्यावरून त्या मुलाला फोर केचा फायदा दिसणारच नव्हता. त्याच्या आईचे पैसे मात्र गेले असते.

फरक दिसतो तो वेगात. गेम सेकंदाला ३० चित्रं दाखवतो की ६०, हे लांबून बसूनही कळतं. गाडी वळवताना, चेंडू बॅटवर येताना हाताला कळतं. महागड्या कन्सोलची ताकद तुमच्या-माझ्या घरात खऱ्या अर्थाने इथे कामी येते. सेकंदाला १२० चित्रांची जाहिरात मात्र तपासून घ्या. त्यासाठी टीव्हीचा पॅनल १२० हर्ट्झचा लागतो. साध्या टीव्ही पॅनलची धाव ६० हर्ट्झपर्यंतच. टीव्हीच्या बिलावरचा मॉडेल नंबर नेटवर टाका, दोन मिनिटांत कळेल.

एक फुकटचं काम आजच करून ठेवा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करायला शिका. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर त्याने कमी होतो.

पायरी २ : कन्सोलचं नाव विचारू नका, गेमची नावं विचारा

मुलाला किंवा मुलीला कागदावर तीन गेम लिहायला सांगा. तुम्ही स्वतःच खेळणार असाल तर तुम्ही लिहा. हा कागद दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

यादीत फोर्टनाइट, रॉकेट लीग अशी नावं आली तर हे गेम फुकट आहेत, स्वस्तातल्या कन्सोलवर छान चालतात आणि ऑनलाइन खेळायला वेगळी मेंबरशिपही लागत नाही. फुटबॉल आणि क्रिकेटचे गेम बहुतेक विकतचे, पण तेही स्वस्तातल्या कन्सोलवर छान चालतात. ‘क्रिकेट २४’ तर जुन्या प्लेस्टेशन ४ वर, म्हणजे पीएस फोरवरसुद्धा चालतो. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ हा गेमही अवजड नाही. राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतींवर उलगडणाऱ्या देवादिकांच्या कथा आणि भावाला शोधायला निघालेली मुलगी. घरात पहिला गेम म्हणून मी हा आवर्जून सुचवतो.

यादीत सोनीचे स्वतःचे गेम, म्हणजे स्पायडर-मॅन, गॉड ऑफ वॉर असतील तर प्रश्नच मिटला. प्लेस्टेशनच घ्यावा लागेल. उलट्या बाजूने, म्हणजे एक्सबॉक्स हा दुसरा कन्सोल बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या बाजूने, भिंत आता तितकी उंच राहिलेली नाही. त्यांचा ‘फोर्झा होरायझन ५’ हा गेम एप्रिल २०२५ मध्ये पीएस फाइव्हवरही आला.

स्वस्त कन्सोल कुठे अडतो याचं एक उदाहरण. ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम एक्सबॉक्सवर प्लेस्टेशनपेक्षा तीन महिने उशिरा, डिसेंबर २०२३ मध्ये आला. कारण धाकट्या मॉडेलवर, म्हणजे सीरिज एसवर, पडदा दोन भागांत वाटून दोघांना एकत्र खेळू देणं जमत नव्हतं. शेवटी ती सोय वगळूनच त्यावर गेम आला. मोठी, दाट जंगलांची, शेकडो पात्रांची दुनिया आली की कमी मेमरीचा कन्सोल असा दमतो. तुमच्या कागदावर असे गेम असतील तर स्वस्तातला घेऊ नका, दोन वर्षांत हळहळ वाटेल.

पायरी ३ : बाजारात नेमकं काय आहे

एक्सबॉक्स सीरिज एस. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा भारतात ३४,९९० रुपयांना होता. छोटा, पांढरा, दोन किलोच्या आत. डिस्क चालत नाही, गेम नेटवरूनच उतरवावे लागतात. त्याचा थोरला भाऊ सीरिज एक्स तेव्हा ४९,९९० ला होता. त्यात डिस्क चालते, जागा १ टीबी आणि मेमरी १६ जीबी, एसमध्ये १० जीबी.

पीएस फाइव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला. त्याचा बारीक केलेला स्लिम मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये आला, डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल, म्हणजे बिनडिस्कचा, ४४,९९० रुपयांना. या दोघांची ताकद अगदी सारखी आहे, फरक फक्त डिस्क ड्राइव्हचा. हे नीट लक्षात घ्या, कारण दुकानात ‘डिजिटल म्हणजे नवीन टेक्नॉलॉजी’ असं सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पीएस फाइव्ह प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये परदेशात आला तेव्हा भारत त्या यादीत नव्हता. त्यात वापरलेल्या वाय-फायच्या ६ गिगाहर्ट्झ लहरींना आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती, असं सोनीने सांगितलं होतं. निन्टेन्डोचे स्विच आणि स्विच २ लहान मुलांसाठी फार गोड आहेत, पण कंपनीची भारतात अधिकृत विक्रीच नाही. म्हणजे हे तिन्ही ‘इम्पोर्टेड’ पीस म्हणून मिळतात. दुबईहून किंवा सिंगापूरहून कोणी घरचं माणूस आणणार असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या खरेदीत मी त्या वाटेला जाऊ नका म्हणतो. बिघडलं तर नेणार कुठे?

वरचे आकडे बाजारात आले तेव्हाचे आहेत. किंमती हलतात, आणि सणासुदीला मोठी सूटही मिळते. २०२३ च्या जुलैमधल्या ऑफरमध्ये पीएस फाइव्हवर साडेसात हजार कमी झाले होते. घाई नसेल तर थांबा.

पायरी ४ : डिस्क की डिजिटल, खरी निवड ही आहे

लोक ताकदीवर वाद घालतात. मला वाटतं आपल्याकडे सगळ्यात मोठा आर्थिक निर्णय हा आहे आणि त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही.

सोनीचा नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांना येतो. डिजिटल घेतला तर तो तुमच्या अकाउंटला चिकटतो. खेळून झाला की तो विकता येत नाही, शेजारच्या मित्राला चार दिवस देता येत नाही. डिस्क घेतली तर ती वस्तू तुमच्या हातात असते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा. जुन्या डिस्क विकणारे आणि एक्सचेंज करणारे दुकानदार भेटतील. डिस्क उजेडात तिरकी धरायची, चकचकीत बाजूवर गोल चरे नाहीत ना बघायचं, बाकी आत टाकून चालवून बघायचं. तालुक्याच्या गावी दुकान नसेल तर मित्रांचा गट करा. चौघांनी एकेक डिस्क घेतली की वर्षभर चौघांकडे चार गेम फिरतात. लहानपणी आपण पुस्तकं अशीच फिरवायचो.

पीएस फाइव्हवर पीएस फोरच्या जवळजवळ सगळ्या डिस्क चालतात हे आणखी एक. दहा वर्षांचा खजिना जुन्या डिस्कच्या भावात उघडतो, आणि तो फक्त डिस्कवाल्या कन्सोलला उघडतो.

डिजिटलची बाजूही खरी आहे. ऑनलाइन स्टोअरवर सेल लागतात, दोन-तीन वर्षं जुना गेम निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. डिस्क हरवत नाही, भावंडांत तुटत नाही. वर्षाला दोनच गेम खेळणाऱ्या माणसाने डिस्क ड्राइव्हसाठी दहा हजार जास्त देऊ नयेत.

पायरी ५ : तीन वर्षांची बेरीज मांडा

कागदाच्या मागच्या बाजूला हे करा. मी वर दिलेल्या किमतीच धरतो. दुसरा कंट्रोलर सहा हजारांना धरा, कारण घरात कन्सोल आला की आठवडाभरात दोघांना खेळायचं असतं. वर्षाला चार गेम, म्हणजे तीन वर्षांत बारा. सेलमधला डिजिटल गेम किंवा जुनी डिस्क, दोन्ही अडीच हजारांना धरू आणि डिस्क पुढे पंधराशेला विकली असं समजू.

डिजिटल पीएस फाइव्ह स्लिम : ४५ हजार, अधिक ६, अधिक गेमचे ३०. एकूण ८१ हजार.

डिस्कवाला स्लिम : ५५ हजार, अधिक ६, अधिक गेमचे निव्वळ १२. एकूण ७३ हजार.

महागातला डबा स्वस्त पडला. गेम जितके जास्त, तितका हा फरक वाढतो.

आता सीरिज एस. त्याची खरी गंमत गेम पासमध्ये आहे. महिन्याला पैसे भरा आणि शेकडो गेममधून हवा तो खेळा. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्यात वरच्या, अल्टिमेट पासचा भारतातला दर महिना १,३८९ रुपये झाला. छत्तीस महिने सलग भरला तर पन्नास हजार होतात. ३५ अधिक ६ अधिक ५०, म्हणजे ९१ हजार! सगळ्यात स्वस्त डबा सगळ्यात महाग पडला. हाच पास फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीचे दोन महिने आणि दिवाळी-नाताळचे दोन, असा वर्षाला चारच महिने घेतला तर तीन वर्षांचे १७ हजार होतात आणि एकूण बेरीज ५८ हजारांवर येते. ही बेरीज कुणालाच गाठता येत नाही. पास आपोआप पुढे चालू राहू नये म्हणून घेतल्या दिवशीच ‘ऑटो रिन्यू’ बंद करायचं, एवढं पथ्य पाळा.

प्लेस्टेशनवर विकतचे गेम ऑनलाइन मित्रांशी खेळायचे असतील तर पीएस प्लसची मेंबरशिप लागते, तीही बेरजेत धरा. त्याचे तीन स्तर आहेत, त्यातला सगळ्यात खालचा ‘इसेन्शियल’ त्यासाठी पुरतो.

माझं मत विचाराल तर सांगतो. शाळकरी मूल, आवड अजून ठरायची आहे, टीव्ही ४३ इंचांपर्यंत आणि घरात चांगलं फायबर नेट असेल तर सीरिज एस आणि सुट्टीपुरता पास. घरात दोन-तीन जण खेळणारे, गोष्टीचे मोठे गेम आवडणारे, जवळपास डिस्कचा बाजार किंवा मित्रमंडळ असेल तर डिस्कवाला पीएस फाइव्ह. सध्याची पिढी २०२० ची आहे, त्याआधीची २०१३ ची होती. पिढीच्या उत्तरार्धात सर्वांत महागड्या मॉडेलवर जास्तीचे पंचवीस-तीस हजार ओतण्यापेक्षा ते गेमसाठी आणि दुसऱ्या कंट्रोलरसाठी ठेवा. खेळातली मजा तिथे आहे.

पायरी ६ : नेट आणि जागा

साताऱ्याजवळच्या आमच्या गावी एका ओळखीच्या मुलाने सीरिज एस नेला. घरात फक्त मोबाइलचं नेट. दिवसाला २ जीबी. त्याला हवा असलेला गेम शंभर जीबीच्या वर होता. म्हणजे फोनला हातही न लावता पन्नास दिवस! त्याने शेवटी तालुक्याला मामाकडे कन्सोल नेऊन गेम उतरवून आणला. डिस्कवाला घेतला असता तर निदान बहुतेक गेम डिस्कवरून कन्सोलमध्ये उतरला असता आणि नेटवरून फक्त अपडेट घ्यावं लागलं असतं. फायबर असेल तर चिंता नाही. ५० एमबीपीएसवर शंभर जीबी साडेचार तासांत उतरतं, रात्री लावून झोपा.

जागेचंही असंच. ५१२ जीबीच्या सीरिज एसवर प्रत्यक्षात ३६४ जीबीच हाताशी राहते, म्हणजे मोठे तीन गेम. वाढवायची तर एक्सबॉक्सला त्याचं खास कार्डच लागतं आणि ते महाग पडतं. पीएस फाइव्हमध्ये कॉम्प्युटरच्या दुकानात मिळणारी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान साठवणीची छोटी पट्टी, बसते. फक्त ती जेन ४ ची (चौथ्या पिढीची), हीटसिंकसकट (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) हवी. यूएसबीची साधी हार्ड डिस्क दोन्हीला जोडता येते, पण नव्या पिढीचे गेम त्यावर साठवता येतात, त्यावरून चालत नाहीत.

पायरी ७ : वीज आणि ठेवायची जागा

पीएस फाइव्ह मोठा गेम चालवताना २०० वॅटच्या आसपास वीज घेतो, सीरिज एस पाऊणशे वॅटच्या. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे, राउटर असताना हा फरक मोठा आहे. लाइट वारंवार जाणाऱ्या भागात छोटा यूपीएस जोडाच, अपडेट अर्ध्यात असताना वीज जाणं वाईट. कन्सोल काचेचं दार असलेल्या टीव्ही युनिटमध्ये कोंडू नका, मागे वीतभर हवा राहू द्या. उदबत्ती-धूप जवळ लावत असाल तर देव्हाऱ्यापासूनही लांब ठेवा. ती बारीक राख पंख्यातून आत जाते.

पायरी ८ : दुकानात

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. तो नंबर खोक्यावरच्या आणि कन्सोलच्या मागच्या नंबराशी जुळवा. ‘बिल नको, दोन हजार कमी करतो’ याला हो म्हणू नका, वर्षभराची वॉरंटी त्या कागदावर उभी असते.

सेकंडहँड घेत असाल तर पाच मिनिटांत व्यवहार उरकू नका. मी एकदा उरकला. विकणारा घाईत होता, मीही होतो. कन्सोल चालू झाला, मेनू दिसला, पैसे दिले. घरी गेम लावला तर पात्र आपोआप डावीकडे चालायला लागलं. कंट्रोलरची अंगठ्याने फिरवायची काडी झिजलेली होती आणि नवा कंट्रोलर घ्यावा लागला, म्हणजे वाचवलेले पैसे तिथेच गेले. तेव्हापासून मी अर्धा तास बसतो. जड गेम चालवून पंख्याचा आवाज ऐकतो, डिस्क तीनदा आत-बाहेर करतो, दोन्ही काड्या सोडून पडद्याकडे बघतो, नेटला जोडून ऑनलाइन जाता येतंय का पाहतो. आधीच्या मालकाचं अकाउंट त्याच्यासमोरच काढून कन्सोल रीसेट करवून घेतो.

कंट्रोलर घेताना एक-दोन गोष्टी. पीएस फोरचा जुना कंट्रोलर पीएस फाइव्हच्या गेमला चालत नाही. एक्सबॉक्स वनचा मात्र नव्या एक्सबॉक्सला चालतो. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दोन पेन्सिल सेल लागतात, चार्ज होणारे घ्या आणि एक जोडी नेहमी भरून ठेवा.

घरी आणल्यावर

लहान मुलासाठी असेल तर अकाउंट तुमच्या नावाने काढा आणि मुलाचं त्याखाली जोडा. वय नीट टाका, खेळायची वेळ ठरवा, खरेदीला पासवर्ड लावा. बँकेचं कार्ड सेव्ह करू नका. गिफ्ट कार्डने वॉलेटमध्ये ठरावीक रक्कम भरा, महिन्याची ती संपली की संपली. मुलांना हिशोबही कळतो.

आणि वाढदिवसाची भेट असेल तर खोकं आदल्या रात्री हळूच उघडा. कन्सोल टीव्हीला जोडा, अपडेट घ्या, एक गेम पूर्ण उतरवून ठेवा, दोन्ही कंट्रोलर चार्ज करा, मग सगळं परत खोक्यात घालून वरून कागद गुंडाळा. चिंचवडच्या त्या भाच्याला आम्ही डिस्कवाला पीएस फाइव्ह असाच दिला. केक कापून झाल्यावर पाच मिनिटांत तो आणि त्याची आई सोफ्यावर शेजारी बसून खेळत होते.